लोखंड कापताना आग जाते कुठे?

साकीनाका-मरोळच्या गल्ल्यांत चॉपसॉ आधी ऐकू येतो, गाळा मागाहून दिसतो. एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, अँगल व्हाइसमध्ये आवळलेला, त्यावर चौदा इंची डिस्क. कारागीर हँडल खाली ओढतो आणि मागे ठिणग्यांचा फवारा उडतो. गंमत म्हणजे या डिस्कला एकही दात नसतो. मिनिटाला 3,800च्या आसपास फेरे घेताना तिची कड ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने पळते. जवळूनच जाणाऱ्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचा कमाल वेग आहे ताशी 80.

डिस्क बनते अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दाण्यांची. माणिक आणि नीलमही रसायन म्हणून हेच. दाणे राळेत बसवलेले असतात आणि आतून काचेच्या धाग्यांची जाळी त्यांना धरून ठेवते. प्रत्येक दाणा लोखंडाचा नखाएवढाही नाही असा कण ओरबाडतो, बोथट झाला की तुटतो किंवा निखळतो आणि मागचा ताजा दाणा पुढे येतो. म्हणजे डिस्क झिजते म्हणून कापते. झिजायचं नाकारणारी डिस्क नुसती घासत बसेल आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, निळा पडेल. असली घासणारी चाकं आपल्याकडे बनू लागली ती 1941 साली, उरणजवळ मोरा इथे, ग्राइंडवेलच्या कारखान्यात. त्या कंपनीचं, म्हणजे आजच्या ग्राइंडवेल नॉर्टनचं, मुख्य कार्यालय मरोळलाच आहे.

आता ठिणगीकडे या. ती डिस्कची नव्हे, लोखंडाची. ओरबाडलेला कण तापलेला असतोच, हवेतला ऑक्सिजन मिळाला की तो चक्क जळू लागतो आणि उडता उडता आणखी तापतो. पुरावा हवा असेल तर मशीन बंद असताना, कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक खालच्या काळ्या भुकटीतून फिरवा आणि चिकटलेलं भिंगाखाली धरा. कणांमध्ये गोल गोल मणी दिसतात. लोखंड 1,538 अंशांना वितळतं. हे मणी हवेतच वितळले आणि हवेतच गोठले. पोलादात कार्बन जास्त असेल तर ठिणगीला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. जुने कारागीर ठिणगी बघून माल ओळखतात ते यावरूनच. अ‍ॅल्युमिनियम मात्र ठिणगीच देत नाही.

लोखंड कापण्याचा सगळा प्रश्न खरं तर एवढाच: निर्माण झालेली उष्णता न्यायची कुठे? डिस्क ती ठिणग्यांत उधळते आणि बरीचशी जॉबमध्येही सोडते, म्हणून कापलेलं टोक हाताला चटका देतं. दातेरी कार्बाइड पातं वेगळा हिशेब मांडतं. तेही चौदा इंची, पण फेरे 1,300च्या आसपास, म्हणजे कडेचा वेग जवळजवळ मेट्रोइतका. प्रत्येक दात जाडसर चिप काढतो आणि बहुतेक उष्णता त्या चिपबरोबर बाहेर पडते. चिपला हात लावू नका. जॉब मात्र कोमट, कड स्वच्छ. लाकूड कापायचं पातं मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी लोखंडावर टेकवणाऱ्याचे दात तिथेच उडतात. पात्याचे म्हणतोय मी, पण चेहरा समोर असेल तर त्याचेही.

या कार्बाइडच्या दातांचा जन्म झाला विजेच्या दिव्यापोटी. दिव्यातली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे साचे लागत आणि ते फार महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना जर्मनीत, ऑस्राममध्ये, 1923च्या सुमारास टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने सांधून पाहिली गेली. पुढे क्रुपने तो माल विडिया नावाने बाजारात आणला. आपल्या टर्नरांच्या तोंडी ते नाव आजही आहे.

अ‍ॅल्युमिनियमची तऱ्हा आणखी निराळी. बोरिवली-मुलुंडमध्ये जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहिला की प्रत्येक घराच्या स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन 45 अंशांत कापावे लागतात. हा धातू 660 अंशांनाच वितळतो. घासणाऱ्या डिस्कवर तो लिंपून बसतो आणि तिचे दाणे बुजवतो. म्हणून इथे शंभर-एकशेवीस दातांचं पातं. ते जवळून पाहण्यासारखं असतं. एका दाताचे दोन्ही कोपरे छाटलेले, तो मधोमध चर पाडतो. पुढचा सपाट, तो चराच्या बाजू साफ करतो. पुन्हा छाटलेला, पुन्हा सपाट. दात किंचित मागे झुकलेले, नाहीतर ते मऊ धातूत घुसून अख्खा सेक्शनच ओढून घेतील. ज्याने हे ठरवलं त्याला माझा सलाम.

आणि हिरा? अंधेरीच्या सीप्झमध्ये हिऱ्यांचे दागिने घडतात, हिऱ्याच्या कणांचं पातं काँक्रीट आणि मार्बल बिनतक्रार कापतं. पण तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळू लागतो. वेगात लोखंड कापायला सर्वांत कठीण वस्तूच कुचकामी ठरावी, हे मला अजूनही अजब वाटतं.

घरी ग्राइंडर असेल तर एक करा. डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती तिची मुदत, कारण राळ जुनी होते आणि मुंबईची दमट हवा तिला आणखी खाते. मुदत उलटलेली डिस्क फेकून द्या, नवी लावताना तिच्यावरचा कमाल फेऱ्यांचा आकडा मशीनशी ताडून पाहा, आणि गार्ड काढून काम करू नका.