टीबी : गोळीबरोबर हवा-उजेडही हवा

घरात टीबी निघाला की पहिला प्रश्न येतो, "कुणामुळे झाला?" मग बोट शेजाऱ्याकडे जाते, नाहीतर नव्या सुनेकडे. वस्त्यांत रुग्णांच्या घरी जाताना आम्ही हे नेहमी ऐकतो. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. म्हणून माणसाला दोष देण्याआधी कारण शोधू या.

फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला, शिंकला की जंतू हवेत जातात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, उन्हात मरतात. कोंदट खोलीत मात्र तासन्‌तास तरंगतात. जंतू शरीरात गेलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. अंगातली ताकद त्याला दाबून ठेवते. अर्धपोटी राबणारे, मधुमेह असलेले, तंबाखू-दारू घेणारे यांना धोका जास्त.

मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडचे उदाहरण घ्या. प्रकल्पांत झोपड्या गेलेल्यांना तिथे पक्की घरे मिळाली, पण दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम ३ मीटर. ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त असल्याचे २०१८ साली पुढे आलेल्या अभ्यासात दिसले. घर पक्के झाले, हवा मात्र मिळाली नाही. हा दोष रुग्णाचा कसा?

तरी उपचाराला थांबू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी व औषधे मोफत आहेत. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. महिना-दोन महिन्यांत बरे वाटते आणि रोजगार बुडू नये म्हणून अनेकजण गोळ्या सोडतात. तिथेच औषधांना दाद न देणारा टीबी तयार होतो. निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये बँक खात्यात येतात, तेव्हा खात्याची नोंद करून घ्या. घरातल्या इतरांचीही तपासणी करा.

टीबी ताट-वाटीने पसरत नाही. सुनेचे ताट वेगळे करू नका, तिला माहेरी धाडू नका. तिला खिडकीजवळची जागा द्या, डाळ, अंडी, शेंगदाणे द्या. आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतः केली होती, हे विसरू नका.

बाकीचे काम सगळ्यांनी मिळून करायचे आहे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास आरोग्याला द्या. वस्तीत पुनर्विकासाचा नकाशा आला की खोल्यांच्या चौरस फुटांबरोबर दोन इमारतींतले अंतर आणि खिडक्याही विचारा. चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. हवा आणि उजेड हाही आपला हक्कच आहे. तो संघटित होऊनच मिळेल.

जय भीम!