रक्ताची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी

दवाखान्यात सर्वांत आधी येऊन बसणारा आणि सर्वांत शेवटी आत येणारा एक रुग्ण प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतो. आपला क्रमांक आला की तो मागच्याला पुढे सोडतो. आत आल्यावर केस गळतात, झोप लागत नाही, असे काहीबाही सांगतो, औषधाची चिठ्ठी घेऊन उठतो आणि दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणतो, “डॉक्टरसाहेब, आणखी एक विचारायचं होतं.”

बेळगावात त्वचारोगांचा व्यवसाय करताना हे वाक्य मी अनेकदा ऐकले. त्यांतील एका वेळी मी चुकलो. ती चूक या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावीशी वाटते, कारण तशी चूक आजही घडताना दिसते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो निपाणीकडचा, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारा, पंचविशीतला तरुण. कोल्हापूर त्याला जवळचे. पण तेथे सोयरेधायरे फार. म्हणून तवंदी घाट ओलांडून, संकेश्वर मागे टाकून तो बेळगावास आला होता. पाच दिवसांपूर्वी परगावी असताना एका स्त्रीशी त्याचा संबंध आला होता. तेव्हापासून जननेंद्रियावर आग होत होती, लाली दिसत होती. साखरपुडा झालेला होता. गावातल्या औषधविक्रेत्याने न पाहताच सांगितले होते, “हर्पीस असेल, म्हणजे नागीण.” नागिणीचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकत्र आले की माणूस जगत नाही, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले. रोगाची, बदनामीची आणि मरणाची अशा तीन भीती घेऊन तो माझ्यासमोर उभा होता.

मी तपासले. पुटकुळी नव्हती, व्रण नव्हता. भीतीपोटी जंतुनाशक द्रव पाणी न मिसळता चोळल्याने कातडी सोलवटली होती. एवढे सांगून मी थांबायला हवे होते. परंतु बाहेर गर्दी होती आणि त्याचे समाधान होत नव्हते. ‘एकदा रक्त तपासून घेऊ’ म्हणत मी चिठ्ठी लिहिली. समजावण्याचे दहा मिनिटांचे काम मी प्रयोगशाळेवर सोपवले.

अहवालात हर्पीसच्या पहिल्या प्रकाराची ‘आयजीजी’ प्रतिपिंडे ‘पॉझिटिव्ह’ आली. तो अहवाल घेऊन माझ्याकडे आलाच नाही. दोन महिन्यांनी आला, तेव्हा सोयरीक मोडून बसला होता. घरी काहीतरी निमित्त सांगितले होते, आणि मुलीचे लग्न दुसरीकडे ठरलेही होते.

त्या दिवशी मी जो प्रश्न आधी विचारायला हवा होता, तो विचारला : “ताप येऊन गेल्यावर तुमच्या ओठाच्या कडेला फोड येतात का?” तो म्हणाला, “ते तर शाळेत असल्यापासून येतात.” शरीरात ही प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात, कधी तीन महिन्यांपर्यंतही. पाचव्या दिवशी सापडलेली प्रतिपिंडे जुन्याच संसर्गाची होती. ज्या रात्रीची त्याला धास्ती होती, तिच्याविषयी तो अहवाल एक अक्षरही बोलत नव्हता. हे त्याला मी दोन महिने उशिरा सांगितले.

या आजाराचे खरे स्वरूप वाचकांनी समजून घ्यावे. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार. लहानपणी शरीरात दडून राहिलेला विषाणू पुढे मज्जातंतूंच्या वाटेने उफाळतो. त्याचा लैंगिक संबंधाशी काही संबंध नाही, आणि कमरेला वेढा पूर्ण झाला की मृत्यू ही निव्वळ दंतकथा आहे. जननेंद्रियांचा हर्पीस त्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूचा. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा बालपणी, लाळेतून, घरातल्यांच्या मुक्यातून येतो व ओठांवर दिसतो. मात्र तो जननेंद्रियांवरही होऊ शकतो. दुसरा मुख्यतः लैंगिक संबंधातून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांत पहिला, तर १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांत दुसरा प्रकार आहे. त्यांतील बहुतेकांना त्याची जाणीवही नसते.

लक्षणे उमटायची असल्यास सामान्यतः २ ते १२ दिवसांत उमटतात : आधी झिणझिण्या, मग पुंजक्याने दुखऱ्या पुटकुळ्या, त्या फुटून उथळ व्रण. पहिल्या वेळी ताप व जांघेत गाठीही येतात. अशा वेळी ताज्या फोडातील स्राव घेऊन पीसीआर तपासणी करावी. व्रण वाळल्यावर तिचा उपयोग उणावतो. लक्षणे नसताना केवळ धास्तीपोटी रक्ततपासणी करू नये, असेच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ‘आयजीएम’ तपासणी तर मुळीच भरवशाची नाही. पहिल्या प्रकाराची ‘आयजीजी’ संसर्ग कधी झाला, शरीरात कोठे झाला, यांपैकी काहीच सांगत नाही.

मात्र हर्पीसच्या भीतीत इतर आजार विसरले जातात, हे अधिक घातक. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, व्रण बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. त्याची रक्ततपासणी आणि एचआयव्हीची तपासणी योग्य मुदतीनंतर करावी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा खात्री करून घ्यावी. एचआयव्हीचा धोका खरोखर असेल तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, सुरू कराव्या लागतात; तेथे वाट पाहणे चालत नाही. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्यास आणि निदान उघड करण्यास मनाई केली आहे.

आणि हर्पीस निघालाच तर? तो शरीरातून समूळ जात नाही, हे खरे. पण असायक्लोव्हिरसारख्या औषधांनी व्रण लवकर भरतात, वारंवार उठणारा आजार आटोक्यात राहतो, आणि काळानुसार उठण्याची वारंवारता बहुधा कमी होते. ज्यांच्या संशोधनगटातून हे औषध आले, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फोड असताना संबंध टाळावा, एरवी निरोध वापरावा. त्याने धोका घटतो, पूर्णपणे टळत नाही. जोडीदारास सांगावे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, नव्याने झालेला संसर्ग बाळास घातक ठरू शकतो, म्हणून प्रसूतितज्ज्ञांपासून तो लपवू नये. एवढी काळजी घेऊन लग्न, संसार, मुलेबाळे सारे होते.

या विषयावर मराठीत मोकळेपणाने बोलणे नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना आडपडदा न ठेवता उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. उत्तर दिल्याबद्दल त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. आम्हा डॉक्टरांना उत्तर देण्यासाठी केवळ थोडा वेळ काढायचा आहे.

त्या तरुणानंतर मी एक शिरस्ता पाळला. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न : संबंध कधी आला? अंगावर नेमके काय दिसले? आणि सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? पहिल्या उत्तरावरून कोणती तपासणी केव्हा करायची ते कळते, दुसऱ्यावरून ती करायची की नाही ते कळते. तिसऱ्या उत्तरावर प्रयोगशाळेत तपासणी नाही. ती आपणच समोर बसून करायची असते.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, कडीवर हात ठेवून कोणी थबकला तर त्याला परत बोलावून खुर्चीवर बसवा. त्याचा खरा आजार त्याने अजून सांगितलेला नसतो.