घरच्या छोट्या कॉम्प्युटरवर वेबसाइट : देवगाव फाट्यावरून जमेल का?

वेबसाइट म्हणजे शेवटी काय? कायम चालू असलेल्या, नेटला जोडलेल्या एका कॉम्प्युटरमधल्या फाइल्स. मग तो कॉम्प्युटर मुंबईच्या डेटा सेंटरमध्येच हवा असं थोडंच आहे? देवगाव फाट्यावरच्या घरात, राउटरशेजारी ठेवला तर? जमतं. पण कुठे अडतं ते बघू.

कॉम्प्युटरचं अडत नाही. २०१२ साली रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाएवढा बोर्ड ३५ डॉलरला आला. असा बोर्ड ५ वॅट घेतो असं धरा. महिनाभर दिवसरात्र चालवला तरी ५ × २४ × ३० = ३६०० वॅट-तास, म्हणजे फक्त ३.६ युनिट.

खरी गोम पत्त्यात आहे. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. समजा, सगळ्या गावाची पत्रं फाट्यावरच्या एकाच दुकानात येतात. तुम्ही आधी पत्र पाठवलं असेल तर त्याचं उत्तर कुणाचं, हे दुकानदाराला कळतं. पण अनोळखी पाहुणा आला तर त्याला कुणाच्या घरी धाडणार? तुमच्या साइटचा वाचक म्हणजे असाच पाहुणा.

तुमचं काय ते तपासा. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग मार्ग तीन : कंपनीकडून पैसे भरून स्वतंत्र पत्ता घ्या, आयपीव्ही६ वापरा (पत्ते भरपूर, पण वाचकाकडेही ते हवं), किंवा टनेल करा. टनेलमध्ये आपला बोर्डच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी उघडून ठेवतो आणि वाचक त्या वाटेने आत येतात. सोपं आहे, पण मधला सर्व्हर दुसऱ्याचा, हे विसरू नका.

राहिली लाइट. अचानक गेली तर मेमरी कार्डातल्या फाइल्स खराब होऊ शकतात. त्यामुळे छोटा यूपीएस घ्या, बोर्डासोबत राउटरही त्यावर जोडा आणि फाइल्सची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. तरीही साइट कधीतरी बंद पडेल. पडू द्या! ‘लो-टेक मॅगझिन’ची सौरऊर्जेवरची साइट २०१८ पासून बार्सिलोनाच्या एका घरातून चालते. ढगाळ दिवस लांबले की ती बंद पडते, आणि वाचकांना ते आधीच सांगून ठेवलेलं आहे.

बँकेला हे परवडणार नाही. पण गावच्या वाचनालयाची यादी, शाळेचे जुने फोटो, आजीच्या ओव्या? त्यांना दिवसातले वीस तासही पुष्कळ झाले.