उशिरा आलेलं उत्तर

अँड्रॉइड ॲपमध्ये स्क्रीन रंगवणं आणि बोटाचा स्पर्श टिपणं ही कामं एकाच थ्रेडवर चालतात. सेकंदाला 60 वेळा स्क्रीन रंगवायची तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16 मिलिसेकंद येतात. सर्व्हरच्या उत्तराची वाट या मेन थ्रेडवर बघत बसलं, तर यादी सरकेनाशी होते आणि 5 सेकंदांनी ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी चौकट येऊ शकते. म्हणून रिक्वेस्ट बॅकग्राउंडला पाठवायची. त्यासाठी पूर्वी असिंकटास्क वापरायचे, आता कोटलिनच्या कोरूटीन्स आहेत. इथवरचं कुणीही दोन दिवसांत शिकतो.

जवळपासच्या नाटकांचे प्रयोग दाखवणाऱ्या ॲपचं खरं काम यापुढे आहे. समजा, कुणी दादरला लोकलमध्ये चढताना ॲप उघडलं. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या परिसराची रिक्वेस्ट निघाली आणि वाटेत रेंज गेली. मुलुंड आलं, तेव्हा नव्या लोकेशनची दुसरी रिक्वेस्ट गेली. तिचं उत्तर लगेच आलं: इथलं कालिदास, पुढे ठाण्याचं गडकरी रंगायतन. मग रखडलेलं पहिलं उत्तर पोचलं आणि या यादीवर जाऊन बसलं. मुलुंडला उतरलेल्याला दादरचे प्रयोग दिसू लागले! ॲप क्रॅश होत नाही, लॉगमध्ये एररही नसते. माझ्या मते क्रॅश यापेक्षा परवडला, कारण तो निदान कळतो. चुकीच्या यादीवर मात्र माणूस विसंबून राहतो.

त्यामुळे नवी रिक्वेस्ट निघतानाच मी जुनी कॅन्सल करते. पण तेवढ्यावर भागत नाही. कोरूटीन कॅन्सल करणं ही सूचना असते. आतला कोड सॉकेटवर अडकून बसला असेल तर तो ती ऐकत नाही. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला क्रमांक द्यायचा आणि उत्तर आलं की तो ताजा आहे का, हे स्क्रीनला हात लावण्याआधी तपासायचं. शिवाय जागचं न हलताही जीपीएसचा आकडा डुलत राहतो. त्याच्या प्रत्येक डुलण्याला सर्व्हर गाठला तर बॅटरी आणि डेटा दोन्ही वाया जातात. निदान 500 मीटर सरकल्याशिवाय मी रिक्वेस्ट पाठवत नाही.

हे सगळं ऑफिसच्या वायफायवर तपासता येत नाही. तिथे उत्तरं बहुतेक शिस्तीत, क्रमाने येतात. म्हणून टेस्ट सर्व्हरवर पहिलं उत्तर मुद्दाम दहा सेकंद अडवून धरते, दुसरं तत्काळ सोडते आणि यादी बदलते का ते बघत बसते.