पवित्र गुरुवारी फादर गुडघे टेकून लोकांचे पाय का धुतात?

मार्च संपत आलेला असतो किंवा एप्रिल लागलेला असतो. जळगाव-धुळ्यात पारा चाळिशीकडे निघालेला असतो आणि चार पावलं चाललं तरी चपलेत धूळ जाते. अशाच एका गुरुवारी संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा सुरू असताना फादर अंगावरचं वरचं वस्त्र उतरवतात. कमरेला टॉवेल बांधतात, पाण्याचं भांडं घेतात आणि समोर बसलेल्यांपुढे गुडघे टेकून एकेकाचे पाय धुतात, पुसतात.

हा ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार. खानदेशात कॅथलिक समाज लहान आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. इथल्या बऱ्याच जणांना चर्चची ओळख कॉन्व्हेंट शाळेपुरतीच असते, त्यामुळे हा विधी फारसा माहीत नसतो.

आपल्याकडे पायांचं गणित ठरलेलं आहे. लहान मोठ्यांच्या पाया पडतो. लग्नात मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात, म्हणजे तिथेही मान कुणाचा ते ठरलेलंच. इथे मात्र ज्याच्या हातात अधिकार आहे, तोच खाली बसतो.

याचं मूळ योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात आहे. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत हा प्रसंगच नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू जेवणावरून उठतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी धुळीने माखलेले पाय धुणं हे घरातल्या गुलामाचं काम होतं. पेत्राला ते सहन होत नाही, तो आधी नकारच देतो. पुढे येशू सांगतो की, मी गुरू असून तुमचे पाय धुतले, आता तुम्ही एकमेकांचे धुवा. त्या बारा जणांत थोड्याच वेळात त्याला पकडून देणारा यहुदाही होता. त्याचे पाय वगळल्याचा उल्लेख कुठेही नाही.

पण या गोष्टीतला खरा मुद्दा एका वाक्यात आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. टॉवेल हातात घेण्याआधी योहान सांगतो की, आपण देवाकडून आलो आणि देवाकडेच चाललो आहोत, हे येशूला ठाऊक होतं. म्हणजे आधी देवावरचा भरवसा आणि मग सेवा. ज्याला आपली किंमत खुर्चीवरून ठरत नाही याची खात्री आहे, त्याला खाली बसायची भीती वाटत नाही. कॅथलिक शिकवणीत नम्रता आणि श्रद्धा जोडीने येतात, त्या अशा. बलवानापुढे मान तुकवणं म्हणजे नम्रता नव्हे, हेही यातून स्पष्ट होतं.

मराठी माणसाला हे तसं परकं वाटू नये. पैठणला एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहत होता, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दोन्हीकडचं तत्त्वज्ञान वेगळं आहे, पण देव गडी होतो ही कल्पना दोन्हीकडे आहे.

मग बारा जण निवडायचे कसे? इथे चर्चचा स्वतःचा इतिहास फारसा नम्र नाही. पोप पायस बाराव्यांनी १९५५ मध्ये पवित्र आठवड्याच्या विधींत सुधारणा केल्या आणि हा विधी संध्याकाळच्या मिस्सेत आला. पण नियमात शब्द होता ‘पुरुष’. काही ठिकाणी बायकांचेही पाय धुतले जायचे, पण ते नियमाला धरून नव्हतं. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून नियम बदलला. आता स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, धडधाकट-आजारी, कुणालाही निवडता येतं. विधी सक्तीचा मात्र नाही.

यावर टीकाही होते. पाय धुवून घ्यायला बसणारे बहुतेक जण घरूनच स्वच्छ पाय धुवून येतात, हे उघड गुपित आहे. वर्षातून एकदा बारा जणांपुढे वाकलं की उरलेलं वर्ष मोकळं, असा धोका यात आहेच. धर्मगुरूंचा रुबाब काय असतो, हे लोकांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे हा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी हा विधी चर्चबाहेर नेला. पोप झाल्यावर दोनच आठवड्यांनी, २८ मार्च २०१३ रोजी, ते रोममधल्या अल्पवयीन गुन्हेगारांच्या तुरुंगात गेले. तिथे त्यांनी ज्यांचे पाय धुतले, त्यांत मुली होत्या आणि मुस्लिमही होते. २०२४ मध्ये रेबिबिया इथल्या महिला तुरुंगात त्यांनी बारा कैदी महिलांचे पाय धुतले. गुडघा साथ देत नव्हता, म्हणून या बायकांना उंचावर बसवलं होतं आणि पोप व्हीलचेअरवर होते.

१७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. मोठ्या आजारातून ते नुकतेच उठले होते. यंदा पाय धुणं जमणार नाही, असं त्यांनी कैद्यांना सांगितलं. तरी सुमारे सत्तर कैद्यांसोबत ते अर्धा तास थांबले. चार दिवसांनी, २१ एप्रिलला, त्यांचं निधन झालं.