पडलेल्या ओंडक्यांचं जंगल

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेलगतच्या व्हाइट माउंटन्समध्ये एडमंड शुलमन 1953 साली पोचले ते ऐकीव माहितीवरून. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले हे संशोधक खोडातली वलयं मोजून झाडांची वयं काढत. इथला ‘पेट्रिआर्क’ नावाचा अवाढव्य पाइन निघाला दीड हजार वर्षांचा. पुढच्या उन्हाळ्यांत उलगडत गेलं की खरी म्हातारी झाडं धष्टपुष्ट नसतातच. तीन हजार मीटरवर, पांढऱ्या डोलोमाइटच्या उघड्याबोडक्या उतारांवर, जिथे बाकीची झाडंझुडपं फारशी तग धरत नाहीत, तिथली खुरटी ब्रिसलकोन पाइन सर्वांत जुनी.

अशा झाडाचं बरंचसं खोड वाळलेलं असतं, वाऱ्यानं आणि बर्फानं घासून गुळगुळीत झालेलं. एका बाजूनं सालीची अरुंद पट्टी पीळ घेत वर चढते आणि तिच्या जिवावर एखादीच फांदी हिरवी राहते. सुया तीस-तीस वर्षं गळत नाहीत.

1957 साली ‘मेथुसेला’ या झाडातून पोकळ गिरमिटानं पेन्सिलीपेक्षाही बारीक नमुना काढला गेला. वय भरलं साडेचार हजार वर्षांहून अधिक! झाड आजही उभं आहे. शुलमन मात्र 1958 च्या जानेवारीत, पन्नाशीच्या आतच गेले; ‘नॅशनल जिओग्राफिक’मधला त्यांचा लेख मार्चमध्ये छापून आला.

1964 साली नेवाडातल्या व्हीलर शिखराखाली अक्षम्य घडलं. हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड करी या विद्यार्थ्यानं वनखात्याच्या परवानगीनं एक ब्रिसलकोन कापलं. वलयं भरली 4,844, म्हणजे मेथुसेलाहूनही जास्त. तो परिसर राष्ट्रीय उद्यान झाला 1986 मध्ये.

व्हाइट माउंटन्समधल्या जंगलाचं सर्वांत मोठं देणं मात्र जमिनीवर पडून होतं. कोरड्या, थंड हवेत इथलं लाकूड हजारो वर्षं कुजत नाही. सी. डब्ल्यू. फर्ग्युसन यांनी जिवंत झाडांच्या वलयांना मेलेल्या ओंडक्यांची वलयं जोडत मालिका सात हजार वर्षांपलीकडे नेली. त्याच लाकडावर हान्स झ्यूस यांनी कार्बन-14 वरून वय काढण्याची पद्धत पडताळली, तेव्हा जुन्या तारखा कित्येक शतकांनी चुकत असल्याचं दिसलं. त्या दुरुस्तीनं पश्चिम युरोपातली महापाषाणी थडगी इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरली. म्हणून इथला पडलेला तुकडाही उचलायला मनाई आहे, आणि ती हवीच.

आता काळजी वेगळी आहे. डेथ व्हॅलीतल्या टेलिस्कोप शिखरावर दुष्काळानं अशक्त झालेली ब्रिसलकोन झाडं साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी मारली आहेत.