पोच आणि बाकी

लासलगावचा कांदा दिल्लीला निघाला, की चालकाजवळ एक कागद असतो. त्याला बिल्टी म्हणतात. माल कोणाचा, जायचा कोणाकडे, वजन किती, हे सारे तीवर लिहिलेले. व्यापारी आणि ट्रकवाला यांची बहुधा ओळख नसते. गाठ घालून देतो तो दलाल. तो कमिशन घेतो, त्यात गैर काही नाही. परक्या गावात परतीचे भाडे त्याच्याच ओळखीवर मिळते.

खरी मेख पैशाच्या व्यवहारात आहे. निघताना भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो. तो डिझेल, टोल आणि जेवणखाण यांत रस्त्यातच संपतो. ट्रकवाल्याची कमाई म्हणजे 'बाकी', आणि ती हाती येते पोच आणून दिल्यावर. आता कांदा तर वाटेत सुकतो, वजन घटते. माल घेणाऱ्याने पोचेवर 'वजन कमी' असे खरडले, की बाकी अडकली! गाडी दोन दिवस खोळंबली तर भरपाई कोणी द्यायची, हे तर बहुधा तोंडीच ठरलेले. आणि दलालच गाशा गुंडाळून गेला तर?

१८६५ चा जुना कायदा जाऊन रस्ता मालवाहतुकीचा २००७ चा कायदा २०११ पासून लागू झाला. त्यातल्या वाहकाच्या व्याख्येत दलालही येतो, आणि वाहकाला नोंदणी सक्तीची आहे. कायदा चांगलाच म्हणायचा. पण एकाच ट्रकचा धनी बाकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या कधी चढणार? बँकेचा हप्ता तोंडावर असतो. तो पुढचे भाडे उचलतो, पुष्कळदा त्याच दलालाकडून.